पडदेवाल्या ताई विचार करतात

थोरलीचं 'हो' जिभेच्या टोकावर वगैरे बसलेलं नसे. ते चपला घालून दारातच उभं असे. समोरच्या माणसाचं वाक्य अर्ध्यावर येतंय तोवर हे बाहेर पडून गल्लीच्या टोकाला पोचलेलं असायचं, आणि मग उरलेला आठवडा थोरली धापा टाकत त्याच्यामागून धावायची.

"मी आहे ना!" हे तिचं वाक्य. गल्लीने ते इतकं वापरलं होतं की त्याच्या कडा झिजल्या होत्या. कुणी गावाला चाललंय, मांजराला दूध कोण घालणार? मी आहे ना. टाकी साफ करणारे येणार, पण घरात कुणी नाही? मी आहे ना. शाळेच्या रंगमंचाचा मखमली पडदा एका आठवड्यात शिवून हवाय? मी आहे ना! तो पडदा एवढा अवाढव्य निघाला की त्याची दुमड घालताना दोघी जावा त्याच्या आत होत्या, आणि संध्याकाळी घेऊन जायला आलेले मुख्याध्यापक दुकानात कुणीच नाही असं वाटून परत गेले.

दोघी जावा म्हणजे थोरली आणि धाकटी. दोघींचं मिळून पडद्यांचं दुकान. पुढे कापडाचे तागे, मध्ये कापायचं लांब टेबल, आणि मागे भिंतीला तोंड करून मोटर लावलेली शिलाई मशीन. थोरली घरोघरी जाऊन मापं घ्यायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, कापड कापायची. म्हणून गल्लीत ती 'पडदेवाल्या ताई'. धाकटी शिवायची. म्हणून ती गल्लीत कुणीच नाही. 'मी आहे ना' मध्ये 'मी' म्हणायची ती थोरली, आणि तिथे प्रत्यक्ष 'असायची' ती धाकटी, हे गल्लीच्या कधी लक्षात आलं नव्हतं. थोरलीच्याही नव्हतं.

मशीन दिवसभर खडखडत असे, त्यामुळे दोघींचं बोलणं अर्धं ऐकून आणि उरलेलं अर्धं अंदाजाने भरून काढून चाले. दोघी आपापल्या नवऱ्यांचं बोलणंही वर्षानुवर्षं असंच ऐकत आल्या होत्या. त्यामुळे यात काही कमी पडतंय असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं.

गुरुवारी गाळ्याचे मालक आले. मालक म्हणजे गोड बोलणारा माणूस. भाडं वाढवतानासुद्धा तब्येतीची चौकशी करणारा.

"ताई, शेजारचा घड्याळवाला गाळा सोडतोय. मुलीकडे जाऊन राहणार म्हणतो. मधली भिंत पाडली की तुमचं दुकान बघा, हे एवढं! शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा. छापखानेवाला टपूनच बसलाय, पण म्हटलं आधी आपल्या माणसांना सांगावं."

थोरलीचं तोंड उघडलं. 'मी आ' इथवर ती आलीसुद्धा. तेवढ्यात मागून मशीनच्या खडखडाटातून धाकटीचा आवाज आला, "ताई, 'हो' म्हणायच्या आधी या वेळी एकदा तरी विचार–"

पुढची अक्षरं मशीनने दुमडून आत शिवून टाकली. मग मशीन थांबली, आणि त्या शांततेत पुढचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं.

"नाहीतर मी या दुकानातून उठले. खरंच सांगते, जाऊबाई."

धाकटी एरवी तिला 'ताई' म्हणे. 'जाऊबाई' हा शब्द तिने लग्नानंतर आजवर मोजक्या वेळा काढला होता, आणि दर वेळी त्यानंतर घरातलं काहीतरी कायमचं हललं होतं. एकदा तर चूल वेगळी झाली होती. धाकटीचा संसार वरच्या मजल्यावर गेला तो तेव्हापासून.

थोरलीने उघडलेलं तोंड मिटलं. मालकांना म्हणाली, "सांगते शनिवारी."

मालक दचकले. या बाईकडून 'नंतर सांगते' हे उत्तर त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. "तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

तब्येत बरी होती, पण कानात 'उठले' हा एकच शब्द वाजत होता. धाकटी उठली म्हणजे दुकान उठलं, हे तर झालंच. पण दुपारी दोघी एकमेकींचे डबे उघडून आधी दुसरीचाच खातात, त्याचं काय? टेबलावर कापड पसरताना एकीने टोक धरलं की दुसरीने न सांगता दुसरं टोक धरायचं, त्याचं काय? त्या रात्री थोरलीने मनाशी पक्कं ठरवलं: जावेने विचार करायला सांगितलाय ना, मग असा विचार करायचा, असा विचार करायचा, की ज्याचं नाव ते!

तिथेच घोडं अडलं. विचार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? तो डोक्यात करतात एवढं तिला माहीत होतं. पण मग बाकीचं अंग कुठे ठेवायचं?

सकाळी तिने घरात जाहीर केलं, "उद्या संध्याकाळपर्यंत मी कशातच नाही."

"कशात म्हणजे?" तिच्या नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. "स्वयंपाकात?"

"कशातच नाही. मला शांतपणे विचार करायचाय. मला हाक मारायची नाही."

नवरा भला माणूस. त्याने हाक मारली नाही. तो दार किलकिलं करून नुसता आत डोकावे.

"झाला का?"

"काय?"

"विचार."

"नाही."

"बरं, बरं. चालू दे." थोड्या वेळाने पुन्हा दार. "चहा ठेवू का? की त्याने मोडेल?"

"ठेवा."

पुन्हा दार. "हाक नाही मारत, फक्त विचारतो. साखर कुठे असते?"

थोरली उठली आणि चहा करून त्याच्या हातात देऊन घराबाहेर पडली. जिन्यात पहिल्या मजल्यावरचे काका भेटले. काका निवृत्त होते आणि जिन्यात कोण किती वाजता जातं-येतं यावर त्यांचं दुसरं करिअर सुरू होतं.

"आज दुकान नाही?"

"विचार करायला चाललेय, काका."

"अरे वा! मी निवृत्त झाल्यापासून तेच करतोय," काका म्हणाले, आणि विचार कसा करावा हे त्यांनी जिन्यातच समजावून सांगितलं. श्वास मोजायचे. आत घेतला की एक, बाहेर सोडला की दोन. मन आपोआप स्थिर होतं. काकांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "त्यांचं काही ऐकू नका हो. काल मोजता मोजता दूध उतू गेलं."

थोरली वाचनालयात गेली. तिथल्या शांततेचं कौतुक तिने ऐकलं होतं. एका बाकावर बसून तिने हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघायला सुरुवात केली. ग्रंथपाल येऊन उभे राहिले.

"काय वाचताय?"

"काही नाही. विचार करतेय."

"इथे वाचायला बसतात. नुसतं बसता येत नाही."

"मी आवाज तर करत नाहीये."

"ते कळतंय. पण उद्या सगळेच विचार करायला येऊन बसले तर वाचणाऱ्यांनी जायचं कुठे?" आणि त्यांनी तिच्यासमोर एक मासिक आणून ठेवलं. मासिकात घरसजावटीचे फोटो होते. एका खिडकीच्या पडद्याची चुणी साफ चुकलेली होती. थोरलीने पेन काढून ती सुधारली. मग तिला वाचनालयातून जावं लागलं.

बागेत गेली तर रखवालदार फाटक लावत होता. बाग दुपारी बंद. "पण मी फक्त बाकावर बसणार," थोरली म्हणाली. "बाक पण बंद," रखवालदार म्हणाला.

मग ती बँकेत गेली. बँकेत गारवा असतो, ओळीने खुर्च्या असतात, आणि नुसतं बसणाऱ्याला तिथे कुणी हटकत नाही. उलट बँकेत सगळ्यांनाच नुसतं बसवून ठेवतात. थोरलीने डोळे मिटले. एक. दोन. आता विचार यायला लागेल, असं वाटतंय तोच शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाई गं, हा कागद भरता येतो का तुला?"

"मी आहे ना!" थोरली म्हणाली, आणि तिने स्वतःचीच जीभ चावली. पण 'हो' गेलं ते गेलं. आजींचा कागद झाल्यावर आजींच्या शेजारच्यांचा. मग त्यांच्या मागच्यांचा. बँक बंद व्हायच्या वेळी खिडकीतल्या साहेबांनी "मॅडम, उद्या पण याल ना?" असं विचारलं तेव्हा तिला कळलं की आपण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो आहोत.

विचार मात्र झाला नव्हता. सुरूसुद्धा झाला नव्हता.

इकडे गल्लीचा विचार करून झाला होता. पडदेवाल्या ताई वाचनालयात एकट्या, बागेच्या फाटकाशी एकट्या. धाकटी दुकानात एकटी, आणि तिचे डोळे लाल. (नव्या ताग्याची धूळ डोळ्यांत गेली की तिचे डोळे नेहमीच लाल होत. पण आजवर त्या डोळ्यांकडे बघितलं होतं कुणी?) दुपारपर्यंत बातमी पक्की झाली: पडदेवाल्या फुटल्या. एक गिऱ्हाईक धावत दुकानात आलं आणि धाकटीला म्हणालं, "माझं निळं कापड कुणाच्या वाट्याला आलंय, तेवढं सांगा!"

संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात दोघे भाऊ भेटले. रोज या वेळी ते जिन्याच्या वळणावर उभे राहून गाडीच्या टायरमधल्या हवेबद्दल बोलत. थोरला हळूच म्हणाला, "काय रे, यांचं भांडण झालंय म्हणतात. मग आपणही बोलायचं नाही का?"

धाकटा म्हणाला, "तसंच असणार. किती दिवस?"

"हिला विचारून सांगतो."

"पण वहिनीने हाक मारायची नाही असं सांगितलंय ना?"

"हो, तेही आहे."

मग दोघे भाऊ त्याच वळणावर, त्याच वेळी, शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांशी बोलले नाहीत. अंधार पडल्यावर उदास होऊन आपापल्या घरी गेले.

रात्रभर थोरलीने विचार यावा म्हणून दातावर दात आवळून वाट पाहिली. पहाटे विचाराऐवजी दाढ आली. म्हणजे होती तीच दाढ, मागची, कित्येक महिने 'आज नको, उद्या बघू' म्हणत ठेवलेली. ती अशी ठणकायला लागली की शनिवारी दुपारपर्यंत डोळ्यांसमोर गाळा नव्हता, भिंत नव्हती, जाऊही नव्हती. फक्त दाढ होती. थोरली दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचली.

"काढावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालेल ना?"

'हो' म्हणायलाही थोरलीचं तोंड रिकामं नव्हतं. त्यात आरसा होता, नळी होती, डॉक्टरीणबाईंची दोन बोटं होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला प्रश्न विचारला होता आणि तिचं उत्तर निघू शकत नव्हतं.

अर्धं तोंड बधिर झालं. डॉक्टरीणबाई औषध पुरतं चढेपर्यंत बाहेर गेल्या. वर पांढरा दिवा, खाली मागे झुकलेली खुर्ची, उघडं तोंड, आणि कुणीही काहीही मागत नाही. आणि काय सांगावं, ज्याच्यासाठी वाचनालय झालं, बाग झाली, बँक झाली, तो विचार त्या खुर्चीत आपण होऊन आला.

तिला धाकटीची पाठ दिसली. इतकी वर्षं ती रोज बघत होती ती पाठ, पण आज ती थांबलेली दिसली. मशीनवर वाकलेली, एक खांदा जरासा वर गेलेला. सुईत दोरा ओवताना मान तिरकी करून ट्यूबलाइटकडे धरलेला हात. मखमली पडदा संपल्यावर बोटांना लावलेल्या पट्ट्या. आपण 'मी आहे ना' म्हणत राहिलो, आणि ही बिचारी शिवत राहिली. आता दुप्पट दुकान म्हणजे दुप्पट पडदे. बाई दमलीय. तिला हे नकोच असणार! थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाई आत येत म्हणाल्या.

थोरलीने मान हलवली. तिचं ठरलं होतं. नाही म्हणायचं. जावेसाठी आयुष्यात एकदा ठणकावून नाही म्हणायचं. ती स्वतःच्या त्यागाने इतकी भारावून गेली की दाढ निघाल्याचं तिला कळलंही नाही.

"आता हा कापसाचा बोळा दाताखाली गच्च धरायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तासभर तोंड उघडायचं नाही. बोलायचं तर अजिबात नाही."

ती दुकानात पोचली तेव्हा मालक येऊन बसले होते. गल्लीतल्या चार-दोन बायका पडद्यांच्या रिंगा बघण्याच्या निमित्ताने रेंगाळत होत्या. धाकटी मशीनशी पाठमोरी बसली होती, पण मशीन बंद होती.

"काय ठरलं, ताई?" मालकांनी विचारलं.

थोरली खुर्चीवर बसली. गाल सुजलेला, ओठ घट्ट मिटलेले. तिने मालकांकडे नुसतं पाहिलं.

मालक चुळबुळले. "हं, भाड्याचं म्हणत असाल तर... वर्षभर वाढवणार नाही."

थोरलीच्या हिरडीतून कळ गेली. तिने डोळे बारीक केले.

"बरं, दोन वर्षं. आता तुमच्याकडून काय लपवायचं? मागच्या भिंतीला ओल आहे थोडीशी. पण पडदा लावला की दिसत नाही!"

रिंगा बघणाऱ्या बायकांचे हात थांबले. थोरलीने श्वास नाकातून आत घेतला. एक. सोडला. दोन.

मालकांना घाम फुटला. "आणि तो छापखानेवाला... तो तसा टपून वगैरे बसलेला नाही. बघून 'नको' म्हणाला. झालं समाधान? माझी बायकोसुद्धा एवढं काढून घेत नाही हो माझ्याकडून!"

थोरलीने टेबलावरचा खडू उचलला. समोर निळ्या कापडाचा तागा उलगडलेला होता. धाकटीला दिसेल असं तिने कापडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: नको घेऊ या. तू दमतेस. आणि मोठ्या प्रेमाने तिच्याकडे बघितलं.

मालकांचा चष्मा घरी राहिला होता, ही त्या दिवसाची सर्वांत मोठी कृपा. धाकटी उठून आली. वाचलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे कुणी ठरवलं?"

थोरलीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"तुम्ही! परत तुम्हीच! पूर्वी माझ्या वतीने 'हो' म्हणायचात, आता माझ्या वतीने 'नाही'? मी काय सांगितलं होतं तुम्हाला, जाऊबाई?"

थोरलीने दुखावून खडू चालवला: विचार कर म्हणालीस. दोन दिवस केला!

"विचार करा?" धाकटीने कपाळावर हात मारला. "विचार *करा* कुठे म्हणाले मी? 'एकदा तरी वि-चा-रा मला' म्हणाले! तुम्ही दोन दिवस बागेत न् बँकेत काय हिंडताय? मी इथे बसलेय ना! हातभर अंतरावर!"

थोरलीचं तोंड मोकळं असतं तर या ठिकाणी ती पुष्कळ काही बोलली असती. मशीनच्या आवाजाबद्दल, दाढेबद्दल, आपल्या त्यागाबद्दल; आणि शेवटी 'बरं बाई, मी आहे ना' म्हणून मोकळी झाली असती. पण तोंडात बोळा होता. तिने तळहाताने खडूची अक्षरं पुसली. निळ्या कापडावर पांढरा ढग राहिला. त्या ढगाखाली तिने सावकाश, एकेक अक्षर गोलाकार काढत लिहिलं: तुला काय वाटतं?

धाकटी ते वाचत राहिली. तीन शब्द वाचायला एवढा वेळ लागत नाही. थोरली काही बोलू शकत नव्हती, म्हणून थांबली.

"हवंय," धाकटी शेवटी म्हणाली. आवाज एवढुसा. "मला हवंय ते. घड्याळवाल्याच्या मागच्या भिंतीला खिडकी आहे, ताई. बारीक काम ना त्याचं, म्हणून उजेडात बसायचा. एकदा घड्याळ द्यायला गेले तेव्हा बघितली. मी इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेय, आणि दुसऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे शिवतेय. मला एक खिडकी हवीय."

थोरलीच्या हातातला खडू मोडला.

मग धाकटी मालकांकडे वळली, आणि थोरलीने पाहिलं की या बाईला बोलता येतं. ओल आधी काढून द्यायची. भिंत पाडायचा खर्च अर्धा अर्धा. दोन वर्षांचं जे आत्ता बोललात ते या सगळ्यांनी ऐकलंय. रिंगा बघणाऱ्या बायकांनी जोरात माना डोलावल्या. मालक उठताना थोरलीला हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही बोलत होतात ते बरं होतं."

त्या संध्याकाळी जिन्याच्या वळणावर भाऊ पुन्हा टायरमधल्या हवेवर आले, आणि एका दिवसाची बाकी भरून काढायची म्हणून जेवायची हाक येईपर्यंत बोलले.

आता दुकान एवढं झालंय. मशीन खिडकीशी आहे. पडद्यांच्या दुकानातल्या एकुलत्या एक खिडकीला पडदा नाही, याचं नवीन गिऱ्हाइकांना नवल वाटतं. जुनी गिऱ्हाइकं त्यांना कोपराने ढोसतात.

परवा एका वसतिगृहाचे व्यवस्थापक घाईत आले. "ताई, सगळ्या खोल्यांचे पडदे. सोमवारपर्यंत होतील ना?"

थोरलीचं तोंड उघडलं. 'मी आ' इथवर ती आली. मग जीभ आपोआप मागे गेली, दाढ होती त्या रिकाम्या जागेपर्यंत, आणि तिथे जरा थांबली. थोरली वळली.

"अगं–"

मशीन खडखडत होती. थोरली पुढे काही बोलली नाही. व्यवस्थापकांनी घड्याळ बघितलं, घसा खाकरला, तरी ती उभीच राहिली. अखेर पाठीमागे कुणीतरी थांबलंय हे धाकटीला जाणवलं. तिने पाय पेडलवरून उचलला. खिडकीतून रस्त्याचा आवाज आत आला.

"काही म्हणालात, ताई?"

"म्हणाले नाही अजून," थोरली म्हणाली. "विचारतेय."